भंते बाराच्या आत जेवतेत

आमच्या गावात बुद्धविहारं चार, अन् भाषणं करणारे चाळीस. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं काय झालं ते समजन.

माहं नाव मनकर्णा. फटकळ तोंडाची बाई म्हणून सारं वडघाट मले ओळखते, अन् लोकाईचं काई चुकत नाई. वडघाट म्हणजे पैनगंगेच्या काठावरचं आमचं गाव. अलीकडं आंध्र, पलीकडं महाराष्ट्र. आमची बोली तिकडची अन् बसच्या पाट्या इकडच्या. तालुके मोडून नवे मंडल झाले तवा आमचं गावबी मंडल झालं, अन् तवापासून ते सवताले शहरच म्हणवून घेते. एक दवाखाना, एक टॉकीज अन् इचोड्याले जाणाऱ्या दोन-चार बसा, एवढ्यावर शहर होत असन तं होवो बापा, माहं काय जाते!

त्या साली बुद्धपौर्णिमेले सिलोनचे एक मोठे भंते येणार असं ठरलं. नागपूरहून हैदराबादले जाता जाता अर्धा दिवस आमच्या गावात थांबणार. संगं आपल्याकडचेच एक तरणे भंते, मराठी बोलणारे. कमिटीची मीटिंग बसली अन् ठरलं, की भंतेंले चारी विहारं दाखवायची, एकामागून एक, जीपगाडीत बसवून. दाखवायचं काम घेतलं यशवंतराव गुरुजींनं. गुरुजी म्हणजे आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर अन् कमिटीचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण माईक हातात आला की लेकरानं गुळाचा खडा धरावा तसा धरून ठेवते.

चारीमधलं शेवटचं विहार आमचं. आमचं म्हणजे नदीकाठच्या वस्तीतल्या बायकाईचं. माती आमी तुडवली, भिंती आमी रचल्या, निळा-पांढरा रंग आमी दिला. वर टिनाचं छप्पर. भंतेंचं भोजनदान तिथंच झालं पाह्यजे म्हणून मी मीटिंगमधी उभी राह्यली.

गुरुजी म्हणाले, "मनकर्णाबाई, स्टाफ कॉलनीच्या विहारात पंखे हायेत, फरशी हाये. तुमच्याकडं टिनाखाली परदेशातला माणूस भाजून निघन."

"गुरुजी, साऱ्या कार्यक्रमाले रांधायले आमी चालतो. वाढायले नाई चालत का?"

माहे मालक, बाबाराव, मंडल दफ्तरात कारकून. तेबी कमिटीत होते. ते खाली मान घालून आपल्या नखाकडं पाहत बसले. घरी आल्यावर म्हणाले, "अव, एवढं कायले ताणतं?" मी म्हटलं, "तुमच्या मायसाठी ताणून राह्यली. तुमाले जमत नाई म्हणून."

हे खरंच होतं. मी भांडली ती माह्या सासूसाठी.

माह्या सासूचं नाव बयनाबाई. सुना, लेकी, शेजारणी, आमी साऱ्या तिले माय म्हणो. लोकाईच्या सासवा सुनाईले टोचून खातेत. ही बाई पहिली भाकर मले देये अन् मंग सवता बसे. सारी उमर लोकाईच्या वावरात गेली. निंदण, वेचणी, सोंगणी. तहान लागली की बांधावर ओंजळ धरायची अन् वरून कोणी पाणी ओतीन तं प्यायचं. ज्वारी तिनं सोंगायची, तिनं पाखडायची, अन् ती ज्वारी घरात गेली की तिचा हात बाटवणारा.

ती नवी नवरी होती तवाची गोष्ट. शेतमालकाचं रांगतं लेकरू सांभाळायले म्हणून मोहाच्या झाडाखाली तिच्यापाशी ठेवलं होतं. लेकरू भुकेनं कळवळलं. हिनं आपल्या फडक्यातली भाकर काढली, पाण्यात कुस्करली अन् दोन घास त्याच्या तोंडात घातले. लेकरू हासलं, अजून दे म्हणून आ करून बसलं. तेवढ्यात त्याची माय आली. तिनं पाह्यलं, लेकराले उचललं अन् त्याच्या घशात बोट घालून सारं ओकवलं. लेकरू रडून रडून निळं पडलं. मंग त्याले नदीवर नेऊन धुतलं.

त्या दिवसापासून माह्या सासूनं घराबाहेरच्या माणसाले हातानं काई म्हणून खाऊ घातलं नाई. दीक्षा झाली, पांढरं लुगडं आलं, लेक खुर्चीवर बसला, तरी नाई. पाहुणा आला की ताट खाली ठेवे अन् मागं सरके. पोस्टमन पाणी मांगे तं तांब्या उंबऱ्यावर ठेवे. मी चिडे. "माय, हातात द्या ना! तो का वाघ हाये?" तं म्हणे, "असू दे व. त्याले कायले संकटात टाका?"

अन् मंग एक दिवस वर्षावासात, पावसाळ्यातल्या प्रवचनाले, कोणीतरी विहारात सांगितलं, की भंते लोक खाली ठेवलेलं अन्न सवता उचलून खात नाईत. कोणीतरी हातानं पात्रात द्यावं लागते. दिलं नाई तं भुकेलं राह्यतीन, पण घेणार नाईत. माही सासू मांगं भिंतीले टेकून बसली होती. घरी येतानी मले म्हणे,

"मनकर्णे, हातूनच घेतेत?"

"हातूनच."

"कोणाच्याबी?"

"कोणाच्याबी, माय."

ती आपल्या दोन्ही हाताकडं पाहत चालली. मंग सिलोनचे भंते येऊन राह्यले हे ऐकलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती ज्वारी निवडत बसली. कमिटीनं पुरी अन् जिलबी सांगितली होती. मी म्हटलं, माय, तुमी जिलबी द्या त्याईले. तिनं मान हालवली. "ज्याले जिलबी द्याची त्यानं द्यावी. मी भाकर देईन. भाकरच."

आता समजलं ना मी काऊन भांडली? अन् मीटिंगमधी मी जितलीबी. भोजनदान आमच्या विहारात ठरलं. पण एक गोम होती. भंते बाराच्या आत जेवतेत. सूर्य माथ्यावरून कलला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाण्याबिगर काई नाई. हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकरालेबी माहीत. गुरुजींनं पत्रिकेत छापलंबी होतं, भोजनदान बाराच्या आत. पण पत्रिका छापणं येगळं अन् माईक सोडणं येगळं.

पौर्णिमेच्या सकाळी जीप आली. माहं काम फुलाचं तबक धरायचं, म्हणून मले जीपच्या मांगं जागा भेटली. संगं भागाबाई, माही शेजारीण, अन् महिला मंडळाच्या दोघी-तिघी. मोठे भंते लय म्हातारे, बारीक अंगाचे, कानाच्या पाळ्या लांब लांब. साऱ्याईकडं पाहून नुसते हासत. गुरुजींच्या हाती बॅटरीवरचा भोंगा होता अन् ते रस्त्यानं दाखवत चालले. हे आमचं बसस्टँड, हे आमचं पोस्ट, हा आमचा होऊ घातलेला पूल. तरणे भंते ते इंग्रजीत करून सांगत. पूल दहा वर्सांपासून होऊ घातलेला होता, ते काई त्याईनं सांगितलं नसन.

पहिलं विहार स्टाफ कॉलनीचं. संगमरवर, पंखे, ट्यूबलाईटा, बुद्धाच्या मांगं फिरणारं रंगीत चक्र. वंदना झाली, पंचशील झालं. झालं तं निघायचं ना? नाई. स्वागताध्यक्ष उठले. मंग प्रास्ताविक. मंग सत्कार. भंतेंच्या गळ्यात हार घालत नाईत, म्हणून आणलेले हार कमिटीनं एकमेकाच्या गळ्यात घातले. भंते हात मांडीवर ठेवून खाली नजर लावून बसले, अन् हे एकमेकाले हार घालून राह्यले अन् टाळ्या वाजवून राह्यले. जो उठे तो म्हणे, "वेळेअभावी मी दोनच शब्द बोलतो." माय बापा! त्या दोन शब्दाईत त्यानं आपली नोकरी सांगितली, लेकाची नोकरी सांगितली, जावयाची बदली सांगितली.

दुसरं विहार बाजारातलं. तिथंबी तेच. तिसरं म्हणजे जुनं विहार, कवेलूच्या छपराचं, दीक्षेच्या पहिल्या वर्सात बांधलेलं. तिथं पोचलो तं ऊन असं चढलेलं, की चप्पल काढून पायरीवर पाय ठेवता येईना. आत माणसं खचाखच. स्टेजवर बोलणाऱ्याईची लाइन बसलेली, एकेकाच्या खिशात घडी केलेला कागद.

मी मालकाच्या मांगं जाऊन कुजबुजली, "अवो, सांगा ना गुरुजींले. उन्ह डोक्यावर येऊन राह्यलं."

"उद्धवराव बोलून राह्यले. मधात कसं बोलावं?"

"उद्धवराव तं सरकारी पंपासारखे हायेत. चालू झाले की बंद करायले माणूस भेटत नाई."

"अव, हळू बोल!"

मंग मी सरळ तरण्या भंतेंपाशी गेली. हात जोडले अन् इचारलं, "भंते, बारा वाजून गेले तं?"

ते शांत होते. म्हणाले, "काही हरकत नाही, ताई. आम्हाला उपासाची सवय आहे. पाणी घेऊ आणि पुढे निघू. संध्याकाळपर्यंत निर्मळच्या पुढे जायचं आहे."

"तुमाले हरकत नाई भंते. माह्या सासूले हाये."

अन् मी त्याईले सांगून टाकलं. सारं नाई, त्या लेकराची गोष्ट तेवढी, दोन वाक्यात. त्याईनं माह्याकडं पाह्यलं, मंग मोठ्या भंतेंच्या कानाशी वाकून काईतरी म्हणाले. मोठे भंते हासायचे थांबले. पण पाहुणा माणूस यजमानाचं भाषण कसं थांबवीन?

उद्धवराव बसले. मले वाटलं सुटलो. तं केशवराव उठले. केशवराव पोस्टातून रिटायर झालेले. त्याईच्या कागदाची घडी उलगडता उलगडता स्टेजच्या खाली लोंबायले लागली. "सन्माननीय अध्यक्ष, सन्माननीय स्वागताध्यक्ष, सन्माननीय..." सन्माननीयच सरेनात. दाराबाहेर पाह्यलं तं कडुनिंबाची सावली खोडाच्या जवळ जवळ सरकत आलेली. तिकडं माही सासू चुलीपाशी बसली असन, पदरानं परात झाकून. आजचा दिवस गेला तं तिले पुन्हा कवा भंते भेटतीन? अन् भेटले तरी ती पुन्हा हिंमत करीन का? माह्या डोळ्यात पाणी आलं, अन् मले राग आला की डोळ्यात पाणी येते, हे माह्या घरच्याईले माहीत हाये.

आता आमची एक रीत सांगतो. आमचा कोणताबी कार्यक्रम असो, लग्न असो, बारसं असो, जयंती असो, त्याचा शेवट पाली गाथेनं होते. ती समारोपाची गाथा सुरू झाली की जो जिथं असन त्यानं उठायचं, हात जोडायचे अन् संगं म्हणायचं. मधात बसता येत नाई, बोलता येत नाई. अन् गाथा संपली, तीनदा साधुकार झाला, की कार्यक्रम संपला. मंग कलेक्टर येवो का मंत्री येवो, त्यानंतर भाषण होत नाई. आजवर झालं नाई.

मी फुलाचं तबक भागाबाईच्या हाती देलं. "धर व," म्हटलं. डोळे मिटले, हात जोडले अन् बायकाईच्या रांगेतून, होता नोता तेवढा आवाज काढून, गाथा सुरू केली.

पहिल्या शब्दाले सारे माह्याकडं वळले. केशवराव म्हणाले, "अं?" माहे मालक असे पांढरे पडले, की पांढऱ्या सदऱ्याचा अन् तोंडाचा रंग एक झाला. एक क्षण मी एकटीच. मले वाटलं, मेली! आता सारी कमिटी उरावर येते. अन् मंग मांगून भागाबाईचा आवाज आला. तबक हातात, पण आवाज खणखणीत. तिच्या मांगं दुसरी उठली, तिसरी उठली, साऱ्या पांढऱ्या लुगड्याच्या रांगा उठल्या. माणसं उठली. अन् मंग मोठे भंते उठले. सिलोनचा तो म्हातारा माणूस, आमच्या बोलीच्या एका शब्दाचा अर्थ न समजणारा, हात जोडून आमच्या संगं तेच शब्द म्हणायले लागला. चाल त्याईची येगळी, शब्द तेच. आता भंतेच उभे राह्यले तं कमिटी कशी बसन? उद्धवराव उठले. स्वागताध्यक्ष उठले. केशवराव तं उभेच होते. त्याईनं कागद खिशात कोंबला अन् हात जोडले.

साधु, साधु, साधु.

अन् कार्यक्रम संपला.

गुरुजी तरातरा माह्यापाशी आले. नाकपुड्या फुगलेल्या. "मनकर्णाबाई! ही काय रीत झाली?"

"रीत तं तुमचीच हाये, गुरुजी. तुमीच शिकवली शाळेत."

"अजून सात वक्ते बाकी होते!"

"त्याईले जेवल्यावर बोलू द्या. पोट भरल्यावर बोलायले बंदी नाई. गुरुजी, माय चुलीपाशी बसली हाये." एवढं म्हणता म्हणता माहा आवाज फुटला. "तिच्या हातून जगात कोणी काई घेतलं नाई हो गुरुजी. आज घेणार होते."

लहानपणी गुरुजीबी त्याच वस्तीत वाढलेले. ओंजळीतलं पाणी त्याईनंबी पेलं होतं. त्याईनं वर उन्हाकडं पाह्यलं, मंग बाहेर पाह्यलं, अन् म्हणाले, "अरे बापा! चौकात तरुण मंडळाचा सत्कार हाये. जीप चौकातूनच जाते."

जीपचा ड्रायव्हर तेलगू होता, त्याले आमच्यापेक्षा जास्त समजलं. बाजाराकडं हात करून म्हणाला, "अम्मा, टाइम लेदु." म्हणजे येळ नाई. चौकात मंडप, बँड, दोन बैलबंड्या आडव्या. तिकडं गेलो असतो तं रात्रच झाली असती.

"भंते, चालता येते का?" मी इचारलं.

तरण्या भंतेंनं भाषांतर कराची गरजच पडली नाई. मोठे भंते पायरी उतरून उभे.

"मंग माह्या मांगं या!"

अन् मी त्याईले नदीत उतरवलं. उन्हाळ्यात आमची पैनगंगा एका अंगाले बारीक धार होऊन वाहते. बाकी सारी रेती अन् रेतीत टरबुजाच्या वाड्या. त्या वाड्यातून आमच्या वस्तीची पायवाट जाते. मी पुढं, माह्या मांगं दोन भंते चीवर सावरत, त्याईच्या मांगं पांढऱ्या लुगड्याच्या बायका, अन् त्याईच्या मांगं हार घातलेली सारी कमिटी. रेती अशी तापलेली, की उद्धवराव एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चाललेले. वाडीवाले टरबुजं सोडून पाहत उभे राह्यले. एक म्हातारा म्हणे, "कोणाची वरात व?" भागाबाई म्हणे, "आमची!"

गुरुजींले काई राहवेना. भोंगा हातात होताच. "भंते, ही आमची पैनगंगा. पलीकडं महाराष्ट्र." मी मांगं वळून नुसतं पाह्यलं. त्याईनं भोंगा बंद केला, काखेत मारला, अन् पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पळायले लागले. हेडमास्तर माणूस, डोक्यावर टक्कल, गळ्यात झेंडूचा हार, रेतीतून पळत पुढं निघाला अन् लांबूनच ओरडायले लागला, "मावशी! ओ बयना मावशी! भाकर टाका! भंते येऊन राह्यले!"

मी लय जणाईले लय काई बोलली असन जिंदगीत, पण त्या क्षणी गुरुजींची सारी भाषणं माफ केली.

आमी काठ चढलो तं विहाराच्या दारात माही सासू उभी. गुरुजी तिच्या बाजूले गुडघ्यावर हात ठेवून दम घेत असलेले. नंतर मले कळलं, तिनं आस सोडली होती. चूल इझवायले पाण्याचा तांब्या हातात घेतला होता. शेजारणीले म्हणे, नाई येत ते, फरशीवरून उठून मातीत कोण येते. आता तिच्या एका हाताले भाकरीचं पीठ लागलेलं, अन् तोंडावर असं भेव, की जणू पोलीस आले.

टिनाच्या छपराखाली चटया टाकल्या होत्या. मोठे भंते बसले. तरण्या भंतेंनं बसायच्या आधी अंगणात थांबून आपल्या सावलीकडं पाह्यलं. ती पायाशी आली होती, पण कलली नोती. "वेळ आहे," ते म्हणाले. मोठ्या भंतेंनं झोळीतून काळं भिक्षापात्र काढलं अन् मांडीवर धरलं.

सारी माणसं दारात, खिडकीत दाटली. चाळीस भाषणवाले, अन् एकाच्याबी तोंडातून शब्द नाई!

सासू परात घेऊन आली. गरम भाकरी, वाफ निघत असलेल्या. भंतेंच्या समोर आली, वाकली, अन् परात खाली ठेवली. अन् मागं सरकली.

"माय..." मी पुढं झाली तं तरण्या भंतेंनं हातानं मले थांबवलं.

मोठे भंते परातीकडं पाह्यत नोते. ते तिच्याकडं पाहत होते. त्याईनं पात्र दोन्ही हातात उचललं अन् तिच्या समोर धरलं. भाकरी त्याईच्या गुडघ्यापाशी, हात लांबवला तं भेटन अशी, पण त्याईनं हात लांबवला नाई. पात्र धरून बसून राह्यले. बाहेर ऊन तडतड करून राह्यलं. कोणीतरी खोकललं.

सासूनं माह्याकडं पाह्यलं. मी काई बोलली नाई. आयुष्यात पहिल्यांदा मी काई बोलली नाई.

मंग ती पुढं आली. खाली बसली. परातीतली एक भाकर उचलली, पीठ लागलेल्या त्याच हातानं, अन् भंतेंच्या पात्रात ठेवली.

भंतेंनं पात्र खाली घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला अन् तोंडात घातला. हळूहळू चावला. गिळला. सासू त्याईच्या गळ्याकडं टक लावून पाहत होती, घास खाली उतरेपर्यंत. मंग भंतेंनं दुसरा तुकडा मोडला. तिसरा मोडला. भाकर संपली तसं त्याईनं पुन्हा पात्र पुढं केलं, लेकरू आ करते तसं.

माह्या सासूच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं म्हणावं का हासणं, मले अजून समजलं नाई. अन् मंग जी ती सुटली! दुसरी भाकर देली, तिसरी देली, आंबाडीची भाजी वाढली, वर तेल घातलं. भंतेंनं पुरे म्हणून पात्रावर हात धरला तं म्हणे, "हात काढा! एवढ्यानं काय होते? हैदराबाद का जवळ हाये?" तरणे भंते हासत हासत भाषांतर करायले लागले, तं त्याईच्याबी पात्रात दोन भाकरी पडल्या. पुऱ्या अन् जिलबी कोपऱ्यात तशाच झाकून राह्यल्या. माहे मालक, बाबाराव, भिंतीले तोंड लावून मुसमुसून रडत होते. मी त्याईले रडू देलं.

जेवण झालं. मोठ्या भंतेंनं हात धुतले अन् तरण्या भंतेंले काईतरी इचारलं. तरणे भंते वळले अन् साऱ्याईले ऐकू जाईन असं मराठीत म्हणाले, "भंते विचारताहेत, ही भाकर कोणाच्या हातची?"

सांगायले मी तोंड उघडलं. गुरुजींनंबी उघडलं. पण आमच्या दोघाईच्याबी आधी सासू उठून उभी राह्यली. पदर डोक्यावरून खाली घसरला होता, तो तिनं सावरलाबी नाई. ती भंतेंकडं वळली, मंग दाराकडं वळली. तिथं आमची माणसं होती, वाडीवाले होते, वरच्या आळीतले, ज्याईच्या वावरात तिची उमर गेली ते, तमाशा पाह्यले आलेले शेतकरी होते. त्या साऱ्याईकडं पाहून ती म्हणाली,

"माह्या हातची हाये."

कोणी काई इचारलं नोतं, तरी तिनं पुन्हा एकदा म्हटलं, पह्यल्यापेक्षा जोरात.

"माह्या हातची. बयनाच्या हातची. अजून हाये, कोणाले पाह्यजे?"

अन् तिनं परात उचलली, अन् दाराकडं निघाली.